सरळ क्रमाची पोच

काळेपठारच्या दूरसंपर्क केंद्रात एखादे अभियान सुरू करायला जेवढे कागद लागत, त्याच्या दुप्पट ते बंद करायला लागत. 'अन्वेषा' यानाचे अभियान बंद करायचे ठरले, तेव्हा शर्वरी बोकील यांच्या हाती एकशे बारा मुद्द्यांची यादी पडली. त्या मंगळवारी सकाळी त्या चौसष्टाव्या मुद्द्यापाशी अडल्या होत्या.

मुद्दा तसा फुटकळ होता. अभियानासाठी लिहिलेल्या प्रत्येक आज्ञावलीने एकूण किती काम केले, तो आकडा भरायचा. चौसष्टाव्या क्रमांकावर 'रांग' नावाची छोटी आज्ञावली, म्हणजे शेल स्क्रिप्ट होती. जेमतेम सतरा ओळींची ही स्क्रिप्ट बाईंनी अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी वैतागून लिहिली होती. ती आपल्या कामाचा आकडा स्वतःच एका बाजूच्या फाइलीत टिपून ठेवी. यानाच्या उड्डाणाच्या दिवशी बाईंनी तो शून्यावर आणला होता आणि त्यानंतर ती फाइल कुणी उघडली नव्हती. आकडा शून्यच असणार याची त्यांना इतकी खात्री होती, की फाइल उघडण्याआधीच त्यांनी कागदावर शून्य लिहून टाकले. फाइलीत मात्र अडतीस हजार दोनशे चौदा होते.

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. आकडा तोच होता. दुसरा कुणी असता तर शून्य खोडून नवा आकडा लिहून पासष्टाव्या मुद्द्याकडे वळला असता. पण बोकीलबाईंना हिशेबाबाहेरची गोष्ट दिसली, की ती दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी छळत राही. त्यांनी यादी बाजूला सारली.

'अन्वेषा' हे लघुग्रहांच्या पट्ट्याकडे गेलेले एका माणसाचे यान. तिथला माणूस म्हणजे विश्राम ठोसर, वय एकेचाळीस. त्र्याऐंशी दिवसांपूर्वी यानावर खडे आदळले. मोठी तबकडी तुटली, बोलणे बंद झाले आणि राहत्या खोलीतल्या हवेचा दाब शून्यावर आला. चौकशी समिती नेमली गेली. यानात मागच्या बाजूला एक मालखोली होती आणि तिला लागून भाजीपाला वाढवायचा हरितकक्ष होता. तिथे माणूस राहील असे कुणाच्या डोक्यात नव्हते, म्हणून तिथला दाब मोजायची सोयच नव्हती. ठोसर मालखोलीत वाचला असेल का, हा प्रश्न समितीने घेतला आणि एका वाक्यात निकालात काढला: जिवंत असता तर त्याने काहीतरी खूण केली असती. त्याच्या आईला कळवायला संचालक पोतनीस मॅडम स्वतः सावंतवाडीला जाऊन आल्या. प्रवेशदालनात त्याच्या फोटोला चंदनाचा हार लागला.

यानाचे एक छोटे राखीव प्रेषक यंत्र तेवढे शाबूत होते. ते मालखोलीतच होते. दर पंधरा मिनिटांनी ते चाळीस अक्षरांची एक ओळ पृथ्वीकडे पाठवी, माणूस असो वा नसो. यानावरच्या आठ मापकांच्या आठ वायरी एका फळीवर येत. प्रत्येक मापक आपले खूण-अक्षर आणि चार आकडे पाठवी. बॅटरीचा मापक क, तर राहत्या खोलीतल्या दाबाचा च. यान स्वतःभोवती किती वेगाने गिरकी घेते, ते सांगणारा झ. क, ख, ग, घ, च, छ, ज, झ असे आठ तुकडे, पाच-पाच अक्षरांचे. फळीवर वायरी ज्या क्रमाने खोचल्या असतील, त्या क्रमाने तुकडे ओळीत येत.

आणि इथेच 'रांग' कामाला येई. यान बांधले जात असताना फळीवर वायरी खोचणारे लोक त्या हव्या तशा खोचून मोकळे होत, आणि जमिनीवर बाईंच्या पडद्यावर कधी झ आधी येई, तर कधी घ. डोके उठे. शेवटी त्यांनी स्क्रिप्ट लिहिली. 'फोल्ड' ही आज्ञा ओळीची पाच-पाच अक्षरांवर घडी घाली, म्हणजे आठ तुकडे एकाखाली एक उभे राहत. 'सॉर्ट' त्यांना क ते झ असे रांगेत लावी. तिसरी आज्ञा त्यांना पुन्हा सलग जोडी. जाता जाता किती तुकडे जागा सोडून होते, तो आकडा फाइलीत जाई. मग नीटनेटकी ओळ नोंदवहीत. सतरा ओळींत बाईंचा कायमचा मनस्ताप मिटला होता.

उड्डाणाआधी वायरी सरळ लावून फळीला झाकण बसवले होते. त्यानंतर हलवायला काही उरलेच नव्हते. मग हे अडतीस हजार तुकडे हलवले कशासाठी?

नोंदवही पाहून उपयोग नव्हता, तिथे सगळे रांगेतच असणार. पण केंद्राच्या तबकडीखालच्या दालनातला संकेतमुद्रक आकाशातून आलेली ओळ जशीच्या तशी नव्वद दिवस जपून ठेवी. बाईंनी तिथून अपघातापासूनच्या सगळ्या ओळी मागवल्या, आठ हजारांच्या घरात होत्या. आकडे त्यांना नकोच होते. त्यांनी ओळींच्या घड्या घातल्या आणि 'कट' ही आज्ञा वापरून प्रत्येक तुकड्याचे फक्त पहिले अक्षर काढून घेतले. पडद्यावर आठ-आठ अक्षरांची माळ खाली सरकू लागली. पहिले दोन दिवस कखगघचछजझ. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम कखगचजझघछ. मग काही तासांनी आणखी वेगळे.

बाईंनी फोन उचलून इब्राहिम मुकादमांना बोलावले.

मुकादम हे दळणवळण विभागाचे प्रमुख, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले, मूळचे श्रीवर्धनचे. अंतराळवीरांना संदेशांचे शिक्षण देणे हे त्यांचे काम. ते आले, पडद्यावरची माळ पाहिली आणि खुर्ची ओढून बसले. वायरी सैल झाल्या असतील, खड्यांचा हादरा बसलाय, झाकण उडालं असेल, असे त्यांचे म्हणणे पडले.

"सैल झालेली वायर तुटते," बाई म्हणाल्या. "ती शेजारच्या भोकात जाऊन बसत नाही."

हे मुकादमांना पटले. पण मग एवढी उलथापालथ होत असताना यंत्रांनी ओरड कशी केली नाही, असे त्यांनी विचारले. बाईंनी सांगितले, की ओळ बिनचूक आली का हे तपासायला सगळ्या आकड्यांची बेरीज धरतात. पिशवीत आधी कांदे घातले काय किंवा बटाटे घातले काय, काट्यावर वजन तेच येते. क्रम कितीही बदला, बेरजेला पत्ता लागत नाही. म्हणजे यानावरून येणाऱ्या ओळीत बाकी सगळ्यावर पहारा होता, क्रम तेवढा मोकळा होता.

माळेवरून बोट फिरवत मुकादम हळूहळू खाली जात होते. शेकडो ओळी झाल्या, मग थांबले. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

"बोकीलबाई, क आणि ख बघा. दोघं जागचे हलत नाहीत. बाकीचे सहा नाचतात. हादऱ्याला काय ठाऊक कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही?"

"मग?"

"मोजणी आहे ही. मी शिकवलेली."

त्यांनी टेबलावरची आठ पुस्तके ओढून रांगेत मांडली. प्रशिक्षणात ते हाच खेळ मांडत: लिहायला काही नाही, बोलता येत नाही, समोर फक्त आठ वस्तू आहेत, तर मला एक आकडा सांगा. उत्तर असे, की वस्तू मांडण्याच्या जेवढ्या तऱ्हा असतात, त्या शब्दकोशातल्या शब्दांसारख्या ओळीने लावायच्या. सरळ क्रम म्हणजे एक. शेवटच्या दोघांची अदलाबदल केली की दोन. असे करत आठ वस्तूंत चाळीस हजारांच्या वर आकडे मावतात. आणि आकडा सातशेवीसच्या आत असेल, तर पहिल्या दोन वस्तूंना हात लावावाच लागत नाही.

"आणि आकड्याचं काय करायचं?" बाईंनी विचारले.

मुकादम खोलीतून बाहेर गेले आणि एक निळी पुस्तिका घेऊन आले. पूर्वी लग्नाच्या तारेत शुभेच्छांचे वाक्य न लिहिता नुसता क्रमांक लिहीत, त्याच धर्तीवर केंद्राने चारशे वाक्यांची सूची केली होती. क्रमांक कळवायचा, वाक्य समजून घ्यायचे. उड्डाणाआधी प्रत्येकाकडून ती तोंडपाठ करून घेत. मोठी तबकडी चालू असताना ती कुणी वापरली नव्हती.

बाईंनी क्रमाचा आकडा काढणाऱ्या चार ओळी तिथल्या तिथे लिहिल्या. तिसऱ्या दिवसाची दुपार, कखगचजझघछ. उत्तर आले एक्केचाळीस. मुकादमांनी पान उलटले.

"'मी सुखरूप आहे,'" त्यांनी वाचले.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागले आणि त्यांनी ते पुसलेही नाही. फोटोला हार घातला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. मुकादम नुसतेच मान हलवत राहिले.

मग ते दोघे अधाशासारखे वाचत सुटले. बाई आकडा सांगत, मुकादम वाक्य. मालखोलीत आहे. हरितकक्ष चालू आहे. हवा पुरेशी आहे. बॅटरी उतरते आहे. त्याच्यापाशी प्रेषकाची फळी होती आणि आठ वायरी होत्या. तेवढ्या भांडवलावर हा माणूस कोट्यवधी मैलांवरून बोलत बसला होता, एका वेळी एक वाक्य. मोठ्या कुतूहलाने बाई पुढचा आकडा काढत आणि प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता. दहाव्या दिवसापासून वाक्यांची जात बदलली. तो विचारू लागला.

क्रमांक एकशे तीन: अन्न निम्मे करू का?

"आपण काय उत्तर दिलं असेल याला?" मुकादम स्वतःशीच म्हणाले. "काहीच नाही. बिचारा वाट बघत बसला असेल."

बाईंचा हात जागीच थांबला. "उत्तर गेलंय," त्या म्हणाल्या.

त्या छोट्या प्रेषकाला बोलणे ऐकण्याची कुवत नव्हती. पण पोच तो घेई. प्रत्येक ओळ मिळाली की केंद्राने ती जशी नोंदवली तशी परत पाठवायची, म्हणजे यानावर ताडून बघता येते, हा नियम होता. पोच फळीवरच्या चिंचोळ्या पट्टीवर उमटे. पोच पाठवणारी आज्ञावली ओळ उचलत होती नोंदवहीतून. आणि नोंदवहीत जाण्याआधी प्रत्येक ओळ 'रांग'मधून गेलेली होती.

"त्यानं कुठलाही क्रम पाठवला, तरी आपल्याकडून एकच क्रम परत गेला," बाई म्हणाल्या. "सरळ. क ते झ. त्याच्या लेखी ते आपलं उत्तर होतं. मुकादम, सरळ क्रम म्हणजे क्रमांक एक. एक नंबरला काय आहे?"

मुकादमांना पुस्तिका बघावी लागली नाही. सूची त्यांनीच केली होती आणि सगळ्यात जास्त लागणारे वाक्य त्यांनी सगळ्यात वर ठेवले होते.

"'मान्य. तसे करा.'"

त्यानंतरचा तासभर दोघांनाही जड गेला. आकडे निघत होते आणि वाक्ये वाचली जात होती, पण आता प्रत्येक वाक्यापुढे आपले उत्तर दिसत होते. अन्न निम्मे करू का? मान्य, तसे करा. सहा दिवसांनी, अन्न आणखी निम्मे करू का? मान्य, तसे करा. उष्णता कमी करू का? मान्य. हरितकक्षातले दिवे बंद ठेवू का? मान्य. अंतराळातल्या माणसाला केंद्राची आज्ञा मोडता येत नाही, आणि ठोसर तर नियमाला धरून चालणारा. बाईंनी त्याला उपाशी ठेवले होते, थंडीत बसवले होते, ते सगळे सतरा ओळींत. मुकादमांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि न पिताच ठेवून दिला.

एकसष्टाव्या दिवशी मात्र काहीतरी वेगळे घडले होते. एकाच दिवशी ठोसरने पाठोपाठ दोन प्रश्न विचारले होते. सकाळी, इथेच थांबू का? दुपारी, इथून निघू का? दोन्हींना उत्तर मिळाले, मान्य, तसे करा. त्यानंतर बारा दिवस वायरी हलल्या नव्हत्या.

"कळलं त्याला," मुकादम म्हणाले. "त्यानं परीक्षा घेतली आपली. पलीकडे माणूस नाही, हे कळलं."

त्र्याहत्तराव्या दिवसापर्यंत तो मुकाट होता. मग त्याने तीन गोष्टी सांगितल्या, प्रत्येक चार-चार तास फळीवर ठेवून. क्रमांक दोनशे सतरा: जीवनतराफ्याने निघत आहे. क्रमांक दोनशे चाळीस: रसदयानाने वाटेत उचलावे. आणि सूचीतल्या दिवसांच्या क्रमांकांपैकी एक, निघाल्यापासून चोविसावा दिवस. मंगळतळाकडे निघालेले रसदयान कुठून कधी जाणार, हे वेळापत्रक त्याला पाठ होते. जीवनतराफा म्हणजे एका माणसापुरती बंद होडी. तिच्यात सव्वीस दिवसांची हवा असते, आणि बोलायचे यंत्र नसते, फक्त जवळ आल्यावर सापडावी म्हणून एक टिकटिक.

त्यानंतरचे नऊ दिवस, म्हणजे आज सकाळपर्यंत, प्रत्येक ओळ सारखीच होती: झजछचघगखक.

बाईंनी आकडा काढला. चाळीस हजार तीनशे वीस. सूचीत चारशेच वाक्ये. मुकादम चक्रावले, म्हणाले, की याला अर्थच नाही, शेवटचा आकडा आहे हा, याच्यापुढे मांडणीच नाही.

बाई त्या आठ अक्षरांकडे बघत राहिल्या. मग त्यांना सगळे कळले आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"हे सूचीसाठी नाही. हे माझ्यासाठी आहे," त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांपूर्वी फळीवर वायरी वाटेल तशा खोचणारा माणूस विश्राम ठोसरच होता. तेव्हा तो अंतराळवीर नव्हता, जोडणी विभागात नवा आलेला होता. बाई पडद्यासमोरून उठून थेट जोडणीच्या दालनात जात आणि सगळ्यांदेखत त्याला झापत. "वायरी अशा लावतात का? घरी चपला तरी जोडीनं काढतोस का?" तो हसून म्हणे, की बाई, आकडे तर बरोबर येतायत ना. पंधरा दिवसांत सहा वेळा हे झाले. मग बाईंनी 'रांग' लिहिली आणि पुन्हा त्या जोडणीच्या दालनात गेल्या नाहीत. ठोसरला वाटले असावे, की बाई निवळल्या.

आणि मालखोलीत अडकल्यावर त्याने कशावर भिस्त ठेवली होती? वायरींचा क्रम बिघडला, की बोकीलबाईंचे डोके फिरणार, यावर. त्या बघणार, चिडणार आणि शोध घेणार. आपल्यावर ओरडायचे काम बाईंनी एका स्क्रिप्टला देऊन टाकले आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. एकसष्टाव्या दिवशी ते त्याने स्वतःच ओळखले. पोच नेहमी सरळच येते, म्हणजे पलीकडे कुणीतरी तुकडे रांगेत लावणारे आहे, आणि असले काम बाईंशिवाय कुणी करणार नाही. पण बाई मुकाट्याने दुसऱ्याचा पसारा आवरणाऱ्यातल्या नव्हेत. किती आवरले, ते कुठेतरी लिहून ठेवल्याखेरीज त्यांना चैन पडणार नाही. म्हणून जाताना त्याने वायरी अशा लावल्या, की आठही तुकडे दर वेळी हलवावे लागतील. बाईंचा आकडा जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवला आणि तो निघून गेला.

दुपारी दोन वाजता दोघे पोतनीस मॅडमच्या खोलीत होते. सुलभा पोतनीस यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. रसदयान वळवायचे तर निर्णय उद्या दुपारी चारच्या आत व्हायला हवा होता, त्यानंतर इंधन पुरणार नव्हते. त्या यानाची मंगळतळावर चाळीस माणसे वाट पाहत होती. त्यांच्याकडे साठा होता, पण दोन महिने ताणून वापरावा लागला असता. मॅडमनी मुद्द्याला हात घातला. तुमच्याकडे पुरावा काय, तर अक्षरांचा क्रम. हवे ते शोधायला बसले, की कुठल्याही गोंधळात अर्थ सापडतो. त्या सावंतवाडीच्या बाईंना मी एकदा सांगून आले, आता पुन्हा जाऊन उलटं सांगू आणि मग ते खोटं निघालं तर?

हे बोलणे कठोर होते, पण चूक नव्हते, आणि बाईंना ते आवडले. त्यांनी क्रम बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच आकडे बघायला घेतले.

"तराफा सुटताना स्प्रिंग त्याला ढकलते, तेव्हा यानालाही धक्का बसतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे यानाची गिरकी बदलायला हवी. गिरकी सांगतो झ. नऊ दिवसांमागचा झ बघा."

नोंदवही उघडली गेली. दोन महिने झ०४१२ होता. नऊ दिवसांपूर्वी सकाळी पावणेअकराची ओळ झ०४१२, अकराची ओळ झ०३९७. त्याच पंधरा मिनिटांत तबकडीखालच्या संकेतमुद्रकात ओळ उलटी झाली होती. शेजारी शेरा होता, वायुगळतीमुळे किंचित फरक, दखल घेण्याजोगा नाही. तराफ्याचे वजन आणि स्प्रिंगचा जोर घेऊन मुकादमांनी गणित मांडले. उत्तर ०३९६ आले.

मॅडमनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला. मग त्यांनी विचारले, की त्याच्या शेवटच्या निरोपाला, रसदयानाने उचलावे या वाक्याला, केंद्राची पोच गेली होती का.

"सोळा वेळा," बाई म्हणाल्या. "सोळाही वेळा 'मान्य. तसे करा.'"

"कुणी दिली ती मान्यता?"

"मी. वाचलं नव्हतं, पण दिली मीच."

"नोंदवहीवर नाव केंद्राचं असतं, बोकीलबाई," पोतनीस मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेन उघडले. "अंतराळातल्या माणसाला दिलेली मान्यता मागं घेता येत नाही. तो ती धरून निघालाय."

रसदयानाला आज्ञा त्याच दुपारी गेली. प्रवेशदालनातला हार बाईंनी स्वतः काढला. मॅडम म्हणाल्या, अजून खात्री नाही, थांबा. बाईंनी ऐकले नाही.

मधले पंधरा दिवस कसे गेले, ते सांगण्यात अर्थ नाही. तराफ्याला काही कळवायची सोय नव्हती. तो अंधारात एका ठिकाणाकडे चालला होता आणि तिथे कुणी येणार आहे की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. बाईंनी या दिवसांत एक माफीपत्र लिहिले. चार वेळा फाडले, पाचव्यांदा ठेवले. त्यात उपासाचे, थंडीचे आणि स्क्रिप्टचे सगळे होते, काही लपवलेले नव्हते.

पंधराव्या दिवशी सकाळी साडेनऊला रसदयानाच्या कप्तानाचा निरोप आला. टिकटिक सापडली आहे. दीड तासाने दुसरा, तराफा आत घेतला आहे. मग जो काही वेळ गेला, तो दालनातल्या कुणीच घड्याळात पाहिला नाही. तिसरा निरोप आला तो कप्तानाचा नव्हता. आवाज खोल गेलेला होता, शब्द सुटे सुटे पडत होते.

"बोकीलबाई आहेत का तिथं? बाई, मला मान्यता नको होती हो. मी तुमच्या ओरडण्याची वाट बघत होतो."

दालनात टाळ्या वाजल्या, कुणी कुणाला मिठी मारली. मुकादम भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पोतनीस मॅडमनी सावंतवाडीला फोन लावायला सांगितले. बाई ध्वनिक्षेपकापाशी जाऊन बसल्या. माफीपत्र त्यांच्या हातात होते. त्यांनी ते उघडले, पहिली ओळ मनात वाचली, आणि घडी घालून पुन्हा पर्समध्ये ठेवले. आपला आवाज तिथे पोहोचायला अकरा मिनिटे लागणार, तेवढी मिनिटे त्याला आणखी ताटकळावे लागणार, हे त्यांच्या मनात आले. मग त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"विश्राम, वायरी अशा लावतात का?" त्या म्हणाल्या. "झ पहिला? क शेवटी? अकरा वर्षं झाली, तुला साधं क ख ग लावता येऊ नये? आणि जेवायचं सोडून बसायला तुला कुणी सांगितलं? मी सांगितलं, तरी तू ऐकायचंस कशाला? एवढी अक्कल आहे ना तुला, मग उपाशी कशाला राहिलास?"

त्या साडेचार मिनिटे बोलल्या. शेवटी शेवटी आवाज चिरकत होता, आणि त्या रडताहेत की ओरडताहेत ते दालनातल्या लोकांना कळेनासे झाले.

त्यांचे बोलणे संपल्यावर बरोबर सव्वीस मिनिटांनी कप्तानाचा निरोप आला, केंद्राच्या ठरावीक कोरड्या भाषेत. ठोसर यांची प्रकृती अशक्त पण स्थिर आहे. पेज घेतली. केंद्राचा संदेश त्यांना ऐकवण्यात आला. तो पुन्हा एकदा लावावा, अशी त्यांची विनंती आहे.